मायग्रेन उठलं की घरी काय करायचं: नुकत्याच या दुखण्याशी गाठ पडलेल्यांसाठी

मायग्रेन, म्हणजे अर्धशिशी, सुरू झाली की आजूबाजूचा प्रत्येक जण एकेक उपाय सांगतो. कोणी म्हणतं बर्फ लाव, कोणी म्हणतं शेक घे. कोणी कडक कॉफी पाजतं, तर कोणी काही न खाता झोपून राहायला सांगतं. यातले काही उपाय खरंच लागू पडतात. पण ते कधी करायचे हे फारसं कोणी सांगत नाही, आणि सगळा फरक तिथेच पडतो. चाहूल लागताच घेतलेली अर्धा कप कॉफी अख्खी दुपार वाचवू शकते. तीच दोन तासांनी घेतली तर उलटीत जाते.

मी डॉक्टर नाही, पण बरीच वर्षं हे दुखणं सोबत घेऊन जगते आहे. वाचून, डॉक्टरांना विचारून आणि स्वतःवर करून पाहून जे हाती लागलं ते इथे क्रमानं मांडते. घरच्या उपायांनी मायग्रेन कायमचं जात नाही. ही मेंदूची आणि मज्जातंतूंची प्रवृत्ती असते आणि बऱ्याचदा ती घराण्यात चालत आलेली असते. मात्र एकेक झटका सौम्य करणं आणि झटक्यांची संख्या खाली आणणं बऱ्याच अंशी आपल्या हातात असतं.

१. आधी हे मायग्रेनच आहे का ते पाहा

मायग्रेन दाखवणारी रक्ततपासणी नाही आणि ते स्कॅनमध्येही दिसत नाही. डॉक्टर लक्षणं ऐकूनच निदान करतात, म्हणून ती नीट सांगता यायला हवीत. डोकं बऱ्याचदा एका बाजूनं दुखतं, पण नेहमीच नाही. दुखणं ठणक्याचं असतं, नाडीच्या ठोक्याबरोबर कानशिलात मारतं. जिना चढला किंवा वाकलं की वाढतं. सोबत मळमळ किंवा उलटी असते, उजेड आणि आवाज नकोसे होतात. औषध न घेतल्यास मोठ्या माणसांत हा प्रकार ४ ते ७२ तास चालतो. असे निदान ५ झटके येऊन गेले असतील, तर डॉक्टर सहसा मायग्रेन म्हणतात.

काही जणांना दुखण्याआधी डोळ्यांसमोर चमकणाऱ्या नागमोडी रेषा दिसतात, किंवा वाचताना शब्दातली मधलीच अक्षरं नाहीशी होतात. याला ऑरा म्हणतात. ५ मिनिटांपासून तासाभरात तो ओसरतो.

इथे दोन ठिकाणी हमखास फसगत होते. पहिलं ठिकाण सायनस. मायग्रेनमध्येही नाक चोंदतं आणि डोळ्यांतून पाणी येतं. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, सायनसमुळे डोकं दुखतं असं समजणाऱ्या सुमारे ३,००० लोकांपैकी ८८ टक्के लोकांची लक्षणं मायग्रेन प्रकारच्या डोकेदुखीची निघाली. दुसरं ठिकाण पित्त. उलटी झाली की बरं वाटतं, म्हणून सगळा दोष पोटावर जातो आणि वर्षानुवर्षं आम्लपित्ताच्या गोळ्या चालू राहतात. प्रत्यक्षात झटक्याच्या वेळी पोटाचं काम मंदावतं आणि त्यातून मळमळ येते. ही मळमळ मायग्रेनचाच भाग असते.

२. घरी थांबायचंच नाही अशा वेळा

खालीलपैकी काहीही असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि लगेच दवाखाना गाठा:

- मिनिटभराच्या आत शिगेला पोचलेली, आयुष्यात कधी झाली नव्हती इतकी भयंकर डोकेदुखी
- सोबत ताप आणि ताठलेली मान, किंवा शुद्ध हरपणं, फिट येणं
- हातापायात कमजोरी, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, दिसणं अचानक कमी होणं
- डोक्याला मार लागल्यानंतर सुरू झालेलं दुखणं
- तासाहून जास्त टिकलेला ऑरा
- गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर नव्यानं सुरू झालेली डोकेदुखी

पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असं डोकं दुखायला लागलं, नेहमीच्या झटक्याची तऱ्हा अचानक बदलली, किंवा खोकताना-शिंकताना डोकं फुटल्यासारखं होऊ लागलं, तरी तपासणी लांबवू नका. झटका ७२ तासांपलीकडे गेला किंवा उलट्यांमुळे पाणीही पोटात ठरेना, तर घरचे उपाय पुरे झाले असं समजा.

३. डोकं शांत असताना सामान एकत्र करा

हे काम आजच उरका. झटक्यात खण उघडल्याचा आवाजही कानशिलात घुसतो. तेव्हा शोधाशोध होत नाही, आणि त्या शोधाशोधीत मोलाची वेळ जाते. एक डबा करा आणि त्याची जागा ठरवून टाका. त्यात हे असू द्या:

- डोळ्यांवरची पट्टी आणि कानातले बोळे
- जेलपॅक किंवा बर्फाच्या पिशवीवर गुंडाळायला सुती फडकं (जेलपॅक दोन घ्या आणि फ्रीजरमध्ये ठेवा, म्हणजे एक वापरताना दुसरा गार होतो)
- गरम पाण्याची पिशवी
- पाण्याची बाटली आणि ओआरएसची पाकिटं
- कोरडं, बिनवासाचं काही खाणं
- डॉक्टरांनी दिलेली गोळी आणि तिची मात्रा ठळक अक्षरांत लिहिलेला कागद
- उलटीसाठी छोटा टब आणि नॅपकिन
- वही आणि पेन

एक गोष्ट डब्यात मावत नाही. घरातल्यांना आधीच सांगून ठेवा की झटक्यात दार लोटून घ्यायचं, उग्र वासाचं काही जवळ आणायचं नाही आणि दर दहा मिनिटांनी येऊन ‘आता कसं वाटतंय?’ विचारायचं नाही. ते काळजीनंच विचारतात, पण उत्तर द्यायलाही डोकं वापरावं लागतं.

४. चाहूल ओळखायला शिका

बऱ्याच जणांना दुखण्याच्या काही तास आधी, कधी दीड-दोन दिवस आधी, शरीर इशारे देतं. झोप पूर्ण झालेली असूनही जांभयांवर जांभया येतात. मान आखडते. कारण नसताना चिडचिड होते, लघवीला वारंवार जावं लागतं, एखादा शब्द ओठांवर येऊन अडतो. प्रत्येकाचा संच वेगळा असतो, पण एकाच माणसात तो बऱ्यापैकी ठरलेला असतो. माझ्या बाबतीत मानेच्या उजव्या बाजूची एक शीर ओढल्यासारखी होते आणि पडद्यावरची अक्षरं उगाच बोचायला लागतात.

गोड खावंसं वाटणं हाही असाच एक इशारा. बऱ्याच जणांना चॉकलेटची तीव्र इच्छा होते, ते खातात, मग डोकं उठतं आणि दोष चॉकलेटला जातो. खरं तर झटका आतून आधीच सुरू झालेला असतो आणि ती इच्छा त्याचाच भाग असते.

५. पहिला अर्धा-पाऊण तास

सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हाच. ‘एवढं काम उरकते आणि मग बघते’ हा विचार बाजूला ठेवा.

प्रथम पाणी. ग्लासभर, सावकाश. बराच वेळ पोट रिकामं असेल तर चार घास खा. जेवण चुकणं हे मायग्रेनला डिवचणाऱ्या नेहमीच्या कारणांपैकी एक आहे, आणि थोड्या वेळानं मळमळ वाढली की खाता येत नाही.

डॉक्टरांनी गोळी दिली असेल तर ती आत्ताच घ्या, आणि सांगितलेली पूर्ण मात्रा घ्या. भीतभीत अर्धी, मग तासाभरानं उरलेली अर्धी, असं केल्यानं दोन्ही वाया जातात. पुढे पोट मंदावलं की तीच गोळी नीट शोषली जात नाही. उलटी ज्यांना लवकर सुरू होते त्यांनी डॉक्टरांना मळमळीच्या औषधाबद्दल किंवा नाकात मारायच्या फवाऱ्याबद्दल जरूर विचारावं.

मग कॉफी किंवा चहा. कॅफिन वेदनाशामकाचा परिणाम वाढवतं, म्हणूनच डोकेदुखीच्या काही गोळ्यांत ते घातलेलं असतं. एक कप पुरे. संध्याकाळ झाली असेल तर टाळा, कारण झोप उडाली तर उद्याच्या झटक्याला आमंत्रण मिळतं. दिवसभर कॉफी पिणाऱ्यांना या कपाचा विशेष उपयोग होत नाही.

गार शेक मला सगळ्यात जास्त भरवशाचा वाटतो. बहुतेक जण बर्फ कपाळावर ठेवतात. तिथे बरं वाटतं हे खरं, पण मानेला लावूनही बघा: गळ्याच्या दोन्ही बाजूंना, जिथे बोटं टेकवली की नाडी लागते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत झटक्याच्या सुरुवातीला मानेभोवती गार पट्टा बांधलेल्यांचं दुखणं अर्ध्या तासात कमी झालेलं आढळलं. जेलपॅक फडक्यात गुंडाळून १५ मिनिटं ठेवा, मग तेवढाच वेळ काढून ठेवा. बर्फ उघडा कातडीवर ठेवू नका, चट्टा पडतो. मान-खांदे आखडले असतील तर तिथे मात्र गरम पिशवी बरी वाटते. काही जणांना गारपेक्षा गरमच मानवतं, तसं असेल तर बेलाशक गरम वापरा.

आल्याबद्दल सगळेच विचारतात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत आल्याची पूड आणि सुमाट्रिप्टान हे मायग्रेनचं प्रचलित औषध यांची तुलना केली, तेव्हा दोन तासांनंतरचा आराम जवळपास सारखा निघाला. एका चाचणीवरून हातातली गोळी सोडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पण मळमळीवर आलं चांगलंच काम करतं. अर्धा इंच आलं किसून कपभर उकळत्या पाण्यात दहा मिनिटं झाकून ठेवा, गाळा आणि कोमट झाल्यावर घोट घोट घ्या. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

पुदिन्याचं तेल दुसऱ्या तेलात मिसळून, पातळ करूनच कपाळाला आणि कानशिलांना लावायचं. डोळ्यांपासून लांब ठेवायचं, लहान मुलांच्या चेहऱ्याला अजिबात नाही. त्यावरचा जुना अभ्यास मुख्यतः ताणाच्या डोकेदुखीवरचा आहे, आणि मायग्रेनमध्ये काहींना वासच सहन होत नाही. म्हणून ते बरं असताना एकदा लावून बघा. झटक्यात नवा वास आजमावू नका.

६. दुखणं भरात आल्यावर

चाहूल हुकली, किंवा सगळं करूनही डोकं उठलंच, तर आता धडपड थांबवायची. अंधाऱ्या, शांत, गार खोलीत डोकं थोडं उंच ठेवून पडा. बांधलेले केस सोडा, चष्मा आणि कानातलं काढा. या टप्प्यावर बऱ्याच जणांची कातडीच हळवी होते, उशीचा खरखरीतपणा टोचतो, केसांना हात लागला तरी दुखतं. हे हळवेपण सुरू झालं की सुमाट्रिप्टानसारख्या, म्हणजे ट्रिप्टान गटातल्या गोळ्याही पूर्वीइतक्या चालत नाहीत. म्हणून पुढच्या वेळी आणखी लवकर हालचाल करायची अशी खूण मनात बांधून ठेवा. आणि या वेळी डोक्याला जोरजोरात मालिश करून घेऊ नका.

मोबाइल खोलीबाहेर ठेवा. श्वास सावकाश घ्या, चार अंक मोजत आत, सहा मोजत बाहेर. त्यानं ठणका लगेच थांबत नाही, पण आवळलेला जबडा आणि खांदे सैल पडतात. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या मांसल भागावर मिनिट-दोन मिनिटं दाब दिल्यानंही काहींना बरं वाटतं. गरोदर स्त्रियांनी मात्र तो टाळावा असं सांगितलं जातं.

उलटी झाल्यावर एकदम भरपूर पाणी पिऊ नका. दर काही मिनिटांनी दोन घोट ओआरएस घ्या. झोप लागली तर लागू द्या. अनेकांचा झटका झोपेतच मोडतो, मुलांचा तर विशेष करून.

७. गोळ्यांचा सापळा

घरच्या उपायांच्या लेखात गोळ्यांबद्दल इतकं का, असं वाटेल. कारण घरात सगळ्यात सहज केला जाणारा उपाय दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी हाच असतो, आणि सगळ्यात मोठं नुकसानही तिथेच होतं.

साधी वेदनाशामकं महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, आणि ट्रिप्टान, एर्गोट (मायग्रेनवरच्या जुन्या औषधांचा गट), अफूवर्गीय किंवा मिश्र घटकांच्या गोळ्या महिन्यात १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं, तर गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागू शकतं. गोळी उतरली की डोकं दुखतं, दुखलं की गोळी, आणि बघता बघता रोजच डोकं दुखायला लागतं. अशा वेळी माणूस आणखी जोरदार गोळी मागतो, आणि फास अधिक आवळतो. म्हणून गोळी घेतलेल्या प्रत्येक दिवशी कॅलेंडरवर फुली मारा. गोळ्या किती याहून दिवस किती हे महत्त्वाचं. आठवड्याला दोनपेक्षा जास्त फुल्या पडायला लागल्या की डॉक्टरांची वेळ घ्या. या चक्रात आधीच अडकला असाल तर गोळ्या त्यांच्याच देखरेखीखाली कमी करा, कारण सुरुवातीचे दिवस कठीण जातात.

याखेरीज, १६ वर्षांखालच्या मुलांना ॲस्पिरिन देऊ नका. जठरव्रण, मूत्रपिंडाचा विकार, दमा किंवा गरोदरपण असेल तर आयबुप्रोफेनसारखी गोळीही स्वतःच्या मनानं नको. आणि दुसऱ्याला लागू पडलेली ट्रिप्टान उसनी घेऊ नका. हृदयविकार किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असणाऱ्यांना ती धोक्याची ठरते.

८. दुसरा दिवस

ठणका गेला तरी डोकं जड, अंग गळाल्यासारखं आणि मन सुन्न असतं. हा झटक्याचाच शेवटचा टप्पा आहे, तो दिवसभर किंवा थोडा अधिकही टिकतो. साठलेली सगळी कामं त्याच दिवशी ओढायला जाऊ नका. पाणी, वेळेवर जेवण, हलकं चालणं आणि लवकर झोप एवढं पुरे.

९. वही लिहा

तारीख, चाहूल कधी लागली, दुखणं कधी सुरू झालं आणि थांबलं, काय घेतलं, किती वेळानं आराम पडला. शिवाय आदल्या दिवशीची झोप, चुकलेलं जेवण आणि पाळीची तारीख. सात-आठ ओळी पुरतात. दोन-तीन महिन्यांत चित्र दिसायला लागतं.

वहीमुळे एक गैरसमज हमखास सुटतो. आपण एकच गुन्हेगार शोधत असतो, पण झटका बहुधा दोन-तीन गोष्टी एकत्र आल्यावर येतो. नुसतं जागरण निभावतं. जागरण, हुकलेला नाश्ता आणि त्यात पाळी जवळ आलेली, हे मात्र निभावत नाही. पाळीच्या दोन दिवस आधीपासून तिसऱ्या दिवसापर्यंत इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक उतरलेलं असतं, आणि त्या काळात अनेकींना झटका येतो. मायग्रेन पुरुषांपेक्षा स्त्रियांत सुमारे तिप्पट आढळतं, त्यामागे हे एक मोठं कारण आहे. मोठा ताण संपल्यावर, सुट्टीच्या पहिल्याच दिवशी डोकं उठणं हेही नेहमीचंच.

वहीत पुरावा दिसल्याशिवाय खाण्याच्या यादीवर काट मारत सुटू नका. दहा पदार्थ सोडून अर्धपोटी राहणं हेच नवं कारण होऊन बसतं.

१०. दोन झटक्यांमधले दिवस

मायग्रेनच्या मेंदूला बदल आवडत नाही. उठायची, झोपायची आणि जेवायची वेळ सुट्टीच्या दिवशीही तीच ठेवा. कॉफी-चहा रोज साधारण सारखाच आणि बेतानं घ्या. एकदम बंद केला तर १२ ते २४ तासांत त्याचंच डोकं दुखायला लागतं.

व्यायामाला मी सगळ्यात वरचं स्थान देते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका स्वीडिश चाचणीत आठवड्यातून तीनदा ४० मिनिटं व्यायाम करणाऱ्यांचे झटके, प्रतिबंधक औषध घेणाऱ्यांइतकेच कमी झाले. मात्र हळूहळू वाढवा, एकदम दमछाक केली तर उलट झटका येऊ शकतो. झटक्याच्या दिवशी व्यायाम नकोच.

मॅग्नेशियम आणि रायबोफ्लेविन, म्हणजे बी-२ जीवनसत्त्व, यांना थोडाफार आधार आहे. रायबोफ्लेविनची अभ्यासलेली मात्रा रोज ४०० मिलिग्रॅम आहे. त्यानं लघवी गडद पिवळी होते, घाबरायचं कारण नाही. मॅग्नेशियमनं जुलाब होऊ शकतात, आणि मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी ते विचारल्याशिवाय घेऊ नये. दोन्हींचा गुण कळायला तीनेक महिने लागतात. बटरबर या वनस्पतीच्या गोळ्या पूर्वी सुचवल्या जायच्या. यकृताला धोका दिसल्यानंतर ती शिफारस मागे घेतली गेली, त्यामुळे ‘नैसर्गिक’ लिहिलेलं पाहून त्या मागवू नका.

आणखी एक सवय आवरा. घरातही दिवसभर काळा चष्मा लावून बसलात तर डोळे अंधाराला सरावतात आणि उजेड पूर्वीपेक्षा जास्त खुपतो. तो बाहेरच्या उन्हापुरता आणि झटक्यापुरता ठेवा.

११. डॉक्टरांकडे जाताना

महिन्यात चार किंवा अधिक दिवस मायग्रेनमुळे कामं अडत असतील, तर झटका येऊच नये म्हणून रोज घ्यायच्या औषधांबद्दल विचारायची वेळ झाली आहे. जाताना हे सोबत न्या:

- झटक्यांची वही आणि फुल्या मारलेलं कॅलेंडर
- चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी, पूरक जीवनसत्त्वं आणि गर्भनिरोधक गोळ्यांसकट
- आधी घेऊन सोडलेली औषधं आणि सोडण्याचं कारण
- रक्तदाबाच्या अलीकडच्या नोंदी, जुने रिपोर्ट आणि डोळ्यांच्या तपासणीचा कागद
- घरात आणखी कोणाला अर्धशिशी आहे का, याची माहिती

ऑरा येत असेल तर तो विचारण्याची वाट न पाहता स्वतःहून सांगा. ऑरा असलेल्या स्त्रियांना इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्यांमुळे पक्षाघाताचा धोका वाढतो, धूम्रपान असेल तर आणखीच. अशी गोळी चालू असेल तर पुढच्या झटक्यापर्यंत थांबू नका, याच आठवड्यात डॉक्टरांना भेटून दुसरा पर्याय मागा.